सतरा नंबरची गोगलगाय

३ जून

डेलियाचा कोंब पुन्हा कुरतडलेला! काल संध्याकाळी चांगला बोटभर होता, आज सकाळी नुसता खुंट. कुंडीच्या काठावरून खाली चकाकती रेघ. गोगलगाय – दुसरं कोण!

आईच्या डेलियाचा हा एकच कंद माझ्याकडे उरला आहे. घराची वाटणी झाली तेव्हा सहा होते. तीन मला, तीन धाकट्या बहिणीला. अंडी गुंडाळावीत तसे वर्तमानपत्रात गुंडाळून. माझे दोन कधीच सडले. याला आणखी एकदा कोंब फुटेल, फार तर दोनदा. मग कंद दमतो, असं आई म्हणायची.

४ जून

कामाच्या मावशी म्हणाल्या, "मीठ टाका बाई. चुटकीसरशी मरतात."

मरतात कशा ते मी पाहिलं आहे. फेस येतो. कॉन्व्हेंट शाळेत एका मुलीने तो उद्योग केला होता. निसर्ग-अभ्यास शिकवणाऱ्या सिस्टर तिला ओरडल्या नाहीत. फक्त शेजारी बसून ती गोगलगाय मरेपर्यंत तिला बघायला लावलं. पूर्ण वर्ग रडला.

मीठ नाही म्हटल्यावर मावशी म्हणाल्या, "मग काय पाळणार त्यांना?"

६ जून

अंड्याची टरफलं वाळवून, चुरून कुंडीभोवती पसरली. एक गोगलगायबाई त्यावरून गालिच्यावरून जावं तशी गेली! कॉफीचा चोथा घातला – एका पावसात वाहून गेला. बशीत बिअर ओतून ठेवतात म्हणे, त्यात बुडतात. या वयात मी बिअर आणायला जाऊ? दुकानदार काय म्हणेल!

संत्र्याच्या अर्ध्या साली मात्र मातीवर पालथ्या घालून ठेवल्या आहेत.

७ जून

सालींखाली सहाजणी! गारव्याला जमलेल्या. पकडणं एकदम सोपं झालं. पण पकडून करायचं काय?

भिंतीपलीकडे टाकल्या. तिकडे धाकटीचा भाग. दोन वर्षांपूर्वी ती तिथे राहायला आली, त्याआधी कुलूपच होतं. गवत माजलेलं असणार. तिला कुठे झाडांची हौस! आम्ही नऊ वर्षं बोललेलो नाही, आणि मी त्या भिंतीवरून एकदाही डोकावलेलं नाही. पण आपली बहीण आपल्याला माहीत असतेच की.

९ जून

पुन्हा सात! या त्याच की नव्या?

सिस्टर शंखांवर पांढऱ्या रंगाने आकडे घालायच्या. मग गोगलगायी मैदानाच्या टोकाला नेऊन सोडायच्या आणि आम्ही त्यांची वाट बघायची. मी पाचवीत, धाकटी दुसरीत. तिची गोगलगाय तीन दिवसांनी परत आली ते तिला चॅपेलमध्ये आठवलं आणि प्रार्थना चालू असताना तिने टाळ्या वाजवल्या! तिच्या वाटची शिक्षा मी भोगली. दोघींना हसू आवरत नव्हतं.

कपाटात लाल नेलपॉलिश सापडलं. काडीने इंग्रजी आकडे घातले, एक ते सात. काडी घसरली. तीनचा आठ झाला. मग सगळ्या भिंतीपलीकडे.

१३ जून

सतरापर्यंत पोचले. सतरा नंबरची सगळ्यांत मोठी, खाऊनपिऊन सुखी. चार, नऊ आणि दहा परत आल्या होत्या, पुन्हा पाठवल्या.

झाडांना पाणी आता संध्याकाळी घालत नाही, सकाळी घालते. म्हणजे अंधार पडेपर्यंत माती सुकते आणि त्यांना घसरायला ओल मिळत नाही. इलेक्ट्रिशियनकडून तांब्याची पट्टी आणून कुंडीला कमरपट्ट्यासारखी बांधली. दहा नंबरची चढत होती, तांब्याला शिंगं लागली मात्र – झटका बसल्यासारखी मागे फिरली!

कंदाला नवा कोंब आहे. हिरवा, नखाएवढा.

१८ जून

मावशी दोन्ही घरांत काम करतात. इकडचं तिकडे कधी बोलत नाहीत. आज फरशी पुसता पुसता बोलल्या.

"धाकट्या बाईंचं जेवणावर लक्ष नाही. ते आईंचे कंद होते ना त्यांच्याकडे, तिन्ही गेले. एवढ्या भाड्याच्या घरांतून बादलीत घालून फिरवले, जगवले, आणि इथे येऊन गेले. कोंब आला की खाल्ला, आला की खाल्ला. गोगलगायींनी हो! आणि बाई, एकेकीच्या पाठीवर लाल आकडा!"

मी विचारलं, "ती काही म्हणाली?"

"काही नाही. एक हातावर घेऊन बघत बसल्या नुसत्या."

माझ्या अंगठ्याच्या नखाशी लाल डाग होता. मावशींनी तो पाहिला, फडकं पिळलं आणि दुसऱ्या खोलीत गेल्या.

१९ जून

नखाचा लाल डाग खरवडून काढला.

२० जून

लिहूनच टाकते. आई गेली तेव्हा धाकटी एक दिवस उशिरा पोचली. बॅग हातात, चपला पायांत, दारातच उभी. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आता कशाला आलीस?"

गाडी रस्त्यात अकरा तास अडकली होती. ते मला आठवड्याने कळलं. कळल्यावरही मी गप्प बसले. मग भिंत बांधली गेली. गवंड्याला चहा मीच देत होते.

२१ जून

कंद कापून दोघींत वाटता येईल का ते पाहिलं. नाही. डोळा एकच आहे. ज्या तुकड्याला डोळा, तोच जगतो.

चिठ्ठी लिहिली. फाडली. कॉन्व्हेंटमध्ये घोटलेलं वळणदार अक्षर अशा वेळी फार खोटं दिसतं. कुंडीच उचलली आणि भिंतीवर ठेवली, तांब्याच्या पट्टीसकट. कंबर धरली आहे.

२२ जून

कुंडी तिथेच.

२३ जून

तिथेच. मावशींना विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. सालींखाली पाच सापडल्या. त्या डब्यात भरून ओढ्यापलीकडच्या रानात सोडून आले. जायचं-यायचं मिळून चाळीस मिनिटं. हे आधीही करता आलं असतं.

२४ जून

कुंडी नाही!

आधी वाटलं, पडली. स्टुलावर चढले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा पलीकडे पाहिलं. गवताची काडी नाही. तीन वाफे, कडेने सारख्या मापाचे दगड, प्रत्येकात आधाराची काठी. काठ्यांना काहीच बांधलेलं नाही. घराच्या पायरीवर माझी कुंडी.



२७ जून

सकाळी पाणी घालत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, जरा घोगरा –

"ताई, तुझी ती सतरा नंबरची कुंडीवर चढत होती. तांब्याला शिवून मागे फिरली. काय करू हिचं? तिकडे टाकू?"

झारी हातातच. म्हटलं, "टाकू नकोस. तू घेऊन ये."