शेंदराखालचा नंबर

नाना, सातपुड्यातल्या त्या देवाने अखेर शेंदराची खोळ टाकली. तुम्ही असता तर शिरपूर स्टँडचा कारभार कुणाच्या तरी गळ्यात मारून पहिल्या गाडीने निघाला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खोळ पाहिल्याबरोबर पहिलं मनात आलं ते हेच, की नानांना सांगायला हवं.

तुम्ही एस. टी.चे कंट्रोलर, आणि तुमचं सगळं संशोधन चालायचं कंडक्टरांच्या जिवावर. सकाळी डोंगराकडे जाणाऱ्या गाडीबरोबर एक प्रश्न वर पाठवायचा आणि संध्याकाळी त्याच गाडीने उत्तर खाली यायचं. इंग्रजांच्या वेळच्या लढाईत तिकडे कुठे विमान पडलं होतं का? तेव्हा पाऊस होता का? जळत पडलं की पडून जळलं? आई वैतागायची, "तुम्हाला गाड्या सोडायला ठेवलंय की विमानं धरायला?" तुम्ही हसून फोटो पुढे करायचात. फोटोत वायुदलाच्या खाकी कपड्यांतला तुमचा धाकटा भाऊ, आमचा काका. मागे त्याचं विमान, विमानावर नंबर. लढाई संपल्यावर त्याचा सोबती घरी येऊन सांगून गेला होता, की याच विमानातून तो नागपूरहून निघाला आणि विमान कुठेच उतरलं नाही. शत्रू हजार कोस लांब, आभाळ स्वच्छ. मग गेलं कुठे? सरकारकडून 'बेपत्ता' एवढंच आलं. त्या एका शब्दावर काकू आपल्या घरात कुंकू लावत राहिली.

मला अजून ते स्वयंपाकघर दिसतं. काकू चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतेय आणि दारात कंडक्टर उभा. "नाना, बठ्ठा लोके येगयेगळं सांगतस. कोन्ही म्हणस चार पंखा व्हतात, कोन्ही म्हणस एकच." तुम्ही त्याला चहा पाजून उलटतपासणी घेताय. काकू वर बघत नाही, पण तव्यावरची भाकरी करपते. एरवी तिची भाकरी कधी करपत नसे.

मग एकदा उत्तर आलं, की एका पाड्यावर विमानाचा पत्रा देव म्हणून पुजतात. मी तेव्हा कॉलेजात होते, हट्टाने तुमच्यासोबत आले. मोहाच्या झाडाला टेकवलेला माणसाएवढा पत्रा, अंगभर शेंदूर. गावच्या हद्दीत कुणी अनोळखी मेला तर त्याची आठवण उभी करायची, ही तिथली रीत. नाव माहीत नाही, म्हणून आभाळातून जे पडलं तेच त्यांनी उभं केलं आणि दर दिवाळीला तेलात कालवलेला शेंदूर चढवत गेले. नंबर असलाच तर त्या थरांखाली. तुमचा हात खिशातल्या चाकूकडे गेला. गावचा पुजारा शांतपणे म्हणाला, "हाई खरडानं नही, भाऊ. देव सोता खोळ टाकी, तवय देखजो." थर जड झाले की शेंदूर आपोआप सुटून पडतो, हे आपण गावातल्या मारुतीचं पाहिलेलं होतंच. तुम्ही चाकू मिटला. मला तुमचा इतका राग आला होता, की गाडीत बसेपर्यंत रडू आवरत नव्हतं. एवढा पिच्छा पुरवून वीतभर अंतरावरून परत फिरायचं? तुम्ही म्हणालात, "आपण विचारायला गेलो होतो. त्यांनी उत्तर दिलं." त्यानंतर दर दिवाळीला कंडक्टरबरोबर एकच प्रश्न जायचा, टाकली का?

तुमच्यानंतर काकूच नारळ घेऊन दिवाळीला तिथे जाऊ लागली. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी असते, म्हणून मी सोबत. पत्र्यापुढे बसून ती घरातलं सगळं सांगते: कुणाचं लग्न ठरलं, शेजारची म्हैस व्याली, यंदा कापूस कसा आहे. तो काकाच आहे असं ती म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही.

यंदा गेलो तर खोळ नुकतीच सुटून पडलेली. पत्रा कोरा करकरीत. वरचा रंग सगळा खोळीच्या आतल्या बाजूला चिकटून आलेला, अक्षरं उलटी. गावकरी ती नदीत सोडायला उचलणार, तेवढ्यात मी काकूच्या पिशवीतला तिचा कुंकवाचा आरसा काढून आत धरला. काकू माझ्या मागे उभी होती. "काय दिखनं व, बाई?" तिचा आवाज एखाद्या मुलीसारखा झाला होता. मी म्हटलं, "रंग पार उडालाय, काकू. काही वाचता येत नाही." तिने माझ्या हातातून आरसा घेतला, घामाने पसरलेलं कुंकू नीट केलं, आणि पुजाऱ्याच्या वाटीत बोटं बुडवून कोऱ्या पत्र्यावर शेंदराचा पहिला हात दिला. "तुना नाना पाहिजे व्हतात आज," म्हणाली.

नंबर स्वच्छ होता, नाना. आपला नव्हता. फोटोतला एकही आकडा त्यात नाही. काकूचं बोलायचं ते एक हक्काचं ठिकाण माझ्याने काढून घेववलं नाही. आता ते विमान कुणाचं, त्या घरी कोण वाट बघत असेल, हा डोक्याला नवा भुंगा लागलाय. आणि आपलं कुठे पडलं, हा जुना आहेच. हे पत्र काकूच्या दृष्टीस पडायच्या आत चुलीत जाईल. पण तुम्हाला म्हणून सांगते. काल शाळेतून येताना मी स्टँडवर थांबले. चोपड्याच्या गाडीला नवा कंडक्टर आलाय, ओळखीचा नाही. त्याला विचारलं, "भाऊ, तुमच्या रस्त्याने कधी कुठे विमान पडल्याचं ऐकलंय का?"