मास्तरांची लाथ आणि न्हाणीघराची स्प्रिंग

आदरणीय साडूभाऊ यांना धाकट्या साडूचा नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे उभ्या उभ्याच केला आहे, गोड मानून घ्यावा.)

तुमचा खोकला आता कसा आहे? ताईंची पाठ? त्या अजूनही कपड्यांची बादली स्वतःच उचलतात का? उचलत असतील तर तुम्ही त्या वेळी पेपर वाचत नसता ना? इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. दुकान बरं चाललंय, लोकांचे डोळे बिघडताहेत आणि आमचे चष्मे खपताहेत. तुमची मेहुणीही ठणठणीत आहे. फक्त आमच्या न्हाणीघराचं दार हल्ली आपोआप बंद होत नाही, म्हणून रोज सकाळी तिची कुरकुर असते. त्या दाराचा विषय पुढे येणार आहे.

तर तुमचा प्रश्न. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, तुम्हाला आमच्यासारखं क्वाडवर बसून रानवाटा तुडवायचं मनात आलं, याचा आनंद आहे. (ताईंना झालाय का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.) चार जाड चाकं, वर मोटारसायकलचं हँडल, आणि मधे आपण, असा तो प्रकार. ती लाथ मारून सुरू होणारी घ्यावी की बटण दाबून, असं तुम्ही विचारता. शिवाय आमचे मास्तर आपली गाडी विकायला काढताहेत आणि शनिवारी ती टेम्पोत घालून तुम्हाला दाखवायला आणणार आहेत, ती घ्यावी का, हेही विचारता. सरळ उत्तर द्यायला मन स्वच्छ लागतं, ते सध्या माझ्याकडे नाही, तेव्हा थोडी लांबण लागेल. एवढं मात्र आधीच सांगून टाकतो की मास्तरांनी गाडी सोडली ती माझ्यामुळे, आणि हे त्यांना माहीत नाही.

लाथेच्या गाडीचे फायदे मी तुम्हाला तुमच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत, जेवण गार होईपर्यंत सांगितले होते. गाडी हलकी, बॅटरीचं ओझं नाही, रानात कुठेही अडकलात तरी आपला पाय आपल्याबरोबर असतो. तोटे तेव्हा सांगितले नाहीत. गाडी चढावर बंद पडली की एका हाताने ब्रेक धरायचा, न्यूट्रल शोधायचा, एका पायावर तोल सांभाळायचा आणि दुसऱ्याने लाथ मारायची. इंजिन तापलेलं असलं तर ते ऐकत नाही. आणि मनात आलं तर तेच उलटी लाथ मारतं, मग नडगी आठवडाभर निळी. बटणाच्या गाडीत यातलं काही नाही. क्लच दाबा, अंगठा टेकवा, चला. पण बॅटरी बसली की नुसता अंगठाच उरतो.

आमच्या टोळीत चौघं लाथवाले होते, मास्तर, वेल्डर, दातांचा डॉक्टर आणि मी. बेकरीवाला एकटा बटणवाला. आमची रीत अशी की टेकडीच्या माथ्यावर सगळ्यांनी इंजिनं बंद करायची, जरा वेळ नुसतं शांत बसायचं, आणि निघताना पहिली लाथ मास्तरांनी मारायची. ती बसली की मग बाकीच्यांनी. बटणवाल्याने तोवर सगळ्यांचा चहा करायचा. हा नियम मीच काढला. बटण मिक्सरला असतं, गाडीला नाही, असं मी दर खेपेला म्हणायचो, आणि बिचारा बेकरीवाला स्टोव्ह पेटवता पेटवता हसायचा. त्याच्या त्या हसण्याची मला आता फार आठवण येते.

मास्तरांबद्दल काय सांगू? आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली आणि निवृत्तीनंतर आम्हाला लाथ. "पाय नंतर मार, आधी ऐक," म्हणायचे. लाथेची लिव्हर हळूहळू दाबत न्यायची, आतला दाब पायाला लागला की थांबायचं, आणि मग एकदाच, पूर्ण. कुणाचीही हटून बसलेली गाडी असो, मास्तर उतरून यायचे, डोळे मिटून पाय ठेवायचे, आणि ती सुरू व्हायची. पंचाहत्तरी ओलांडली तरी हे चालू होतं.

मधल्या काळात माझा गुडघा गेला. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं की आणखी लाथा माराल तर जिनाही चढता येणार नाही. तुमची मेहुणी म्हणाली, "मग घ्या की बटणाची, बेकरीवाल्यांना सोबत होईल!" शहाणी बाई. मी गाडी बटणाचीच घेतली, पण चहा करायची लाज वाटली. मग मी काय केलं असेल? (बसून वाचताय ना?) जुन्या गाडीची लिव्हर मला आठवणीने हुबेहूब घडवता येईना, म्हणून भंगारातून एक लोखंडी पट्टी आणली, वाकवली, काळी रंगवली आणि नव्या गाडीच्या बाजूला बोल्टने ठोकून दिली. आतून इंजिनाशी तिचा काडीचाही संबंध नाही. पाय दिल्यावर जरा अडावी आणि परत वर यावी म्हणून न्हाणीघराच्या दाराची स्प्रिंग काढून तिला लावली. माथ्यावर मी थाटात त्या पट्टीवर पाय मारायचो आणि त्याच क्षणी अंगठ्याने बटण दाबायचो. स्टार्टरचा खर्र आवाज झाकायला तोंडाने मोठ्याने ओरडायचो. टोळीला वाटलं, नव्या गाडीच्या आनंदात ओरडतोय. मास्तर म्हणाले, "चष्म्या, पाय चांगला बसतोय हं तुझा." मी मान खाली घातली, तो त्यांना विनय वाटला.

मग तो ओढ्याचा दिवस. पाण्यातून जाताना माझी गाडी बरोब्बर मधोमध बंद पडली. मी लाथ मारली, ओरडलो, बटण दाबलं. पुन्हा लाथ, पुन्हा ओरडणं. असं करता करता बॅटरी बसली आणि माझं नुसतं ओरडणं उरलं. वेल्डर म्हणाला, "सरका, तुमचं वय झालं." त्याने शर्ट काढून लाथा मारल्या. दातांच्या डॉक्टरांनी प्लग ओला झाल्याचं निदान केलं, प्लग पुसला आणि मग त्यांनीही मारल्या. बेकरीवाल्यानेसुद्धा हौस भागवून घेतली. तीन शहाणी माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून न्हाणीघराच्या स्प्रिंगला लाथा घालत होती, आणि मी चोक ओढा, चोक सोडा, असे सल्ले देत होतो. तोंड उघडायची तीच वेळ होती. पण बेकरीवाल्याकडे लक्ष गेलं आणि मी पुन्हा चोकचाच सल्ला दिला.

शेवटी मास्तर पाण्यात उतरले. सगळे बाजूला झाले. त्यांनी डोळे मिटले, पाय ठेवला, लिव्हर हळूहळू दाबत नेली. थांबले. परत वर आणली, परत दाबली. मग कपाळाला आठी घालून हळूच म्हणाले, "मला दाब लागतच नाही रे आतला." साडूभाऊ, आत दाब नव्हताच! त्यांच्या पायाने अगदी खरं तेच सांगितलं होतं. पण त्यांनी पायावर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. मारून मारून ते दमले, धापा टाकायला लागले, मग मीच त्यांना हाताला धरून काठावर बसवलं. पुढे त्यांच्याच गाडीला दोर बांधून माझी ओढली, गिअरमध्ये टाकून क्लच सोडल्यावर ती सुरू झाली. तेव्हा मास्तर म्हणाले, "बघा, गाडीत काही नव्हतं. पायात होतं."

त्यांची स्वतःची गाडी अजून पहिल्या लाथेला सुरू होते, हे मी त्यांना सांगून पाहिलं. तर म्हणाले, "ती जुन्या ओळखीमुळे माझी लाज राखते. पायाला कळेनासं झालं की थांबावं." खरं सांगायला म्हणून मी मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात गाडी धूत होते, गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसावी म्हणून. मी घसा खाकरला, तेवढ्यात ते आत गेले आणि आपले गाडीवरचे बूट घेऊन आले. म्हणाले, "तुझ्याच मापाचे आहेत. आता माथ्यावरची पहिली लाथ तुझी." मी ते बगलेत मारून परत आलो. बूट दुकानात काउंटरखाली ठेवलेत. गिऱ्हाइकाला चष्मा देताना मी वाकतो आणि ते दिसतात.

मला फार वाईट वाटतंय, साडूभाऊ. गेला रविवार मी दुखण्याचं निमित्त करून घरीच काढला. टोळी गेली होती. माथ्यावर म्हणे कुणी आधी लाथ मारायची तेच ठरेना, सगळे एकमेकांकडे बघत बसले. बाकी ठीक. ताईंना नमस्कार, तुम्ही खोकल्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. खरं काम राहिलंच. मास्तरांची गाडी घेऊ नका. काहीतरी खोट काढा. खोट सापडणार नाही, इतकी ती नीट ठेवली आहे. तर ताईंना रंग आवडला नाही म्हणा.

ता. क. दुसरा. वरचं खोडलं समजा. पाय गेला असं वाटणाऱ्या माणसाला त्याची गाडीही कुणाला नको, हे ऐकवणं बरं नाही. सोबत पार्सल आहे. त्यात ती पट्टी आहे, स्प्रिंगसकट. (स्प्रिंग परत पाठवा, घरात फार बोलणी बसताहेत.) शनिवारी मास्तर आले की चहाच्या आधी ती त्यांच्या हातात द्या. काही समजावू नका. खऱ्या लिव्हरच्या बुडाला इंजिनाचा दांडा पकडायला दाते असतात. हिला नुसतं भोक आहे. मास्तर ती एकदा उलटी करून पाहतील, तेवढं पुरे. तुम्ही गाडी बटणाचीच घ्या. माथ्यावर चहाचं मी बघतो, बेकरीवाल्याला कधीचं बसून प्यायचंय.

ता. क. तिसरा. मास्तर भयंकर चिडतील. चिडू द्या, अडवू नका. चहा न घेताच निघतील, तरातरा गाडीपाशी जातील, टेम्पोतून ती उतरवायला लावतील. त्या वेळी मला फोन लावा. मी उचलेन, पण बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. फोन फक्त इंजिनाजवळ धरा.