संवत्सरीला राग मोजला

१९ ऑगस्ट, मंचर

स्टॅटिस्टिक्समध्ये पुन्हा लटकले तर एम.ए.चं वर्ष गेलं! मॅडमनी आज स्वच्छ सांगितलं — 'सिद्धी, तीस माणसं, दोन गट, एक टी-टेस्ट. एक तारखेला प्रॅक्टिकल टेबलावर हवं.' मी मानसशास्त्र घेतलं ते माणसं कळावीत म्हणून. त्यात हा प्रमाण विचलनाचा धोंडा कुणी आणून घातला?

२० ऑगस्ट

सुचलं! उद्यापासून पर्युषण. जैन स्थानकात कितीतरी जण आठ दिवस उपवास करणार, बाकीचे जेवणार. पोट रिकामं असलं की राग जास्त येतो का? पंधरा उपवासवाले, पंधरा जेवणारे. प्रश्न एकच — आज मनात कुणाविषयी किती राग आहे? शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे लई. अख्ख्या वर्गात असा विषय कुणाचा नसेल. हुशार आहे मी, राव!

२८ ऑगस्ट, संवत्सरी

आठवा उपवास, म्हणजे भूक शिगेला. म्हणून मुद्दाम आजच विचारलं. प्रतिक्रमणाची प्रार्थना झाल्यावर सगळे हात जोडून एकमेकांना खमतखामणा करत होते, वर्षभरात दुखावलं असेल तर माफी म्हणून. त्याच गर्दीत तीसही फॉर्म भरून झाले. दादीचा आठ दिवसांचा उपवास, पण तिला बारीक अक्षर दिसत नाही. तिचं मी विचारून लिहिलं.

२९ ऑगस्ट

मेले! तीसच्या तीस शून्य!

आत्ताच माफी मागून उठलेल्या माणसांना मी विचारलं, राग आहे का. कोण हो म्हणेल? दोन्ही सरासऱ्या शून्य, विचलन शून्य, शून्याला शून्याने भागा म्हणे. एक्सेलनेही हात टेकले. चुलतभाऊ जिनेश पोट धरून हसला. 'अख्ख्या मंचरात आज एकटी तूच चिडलेली!'

३० ऑगस्ट

दुपारी दादी हळूच खोलीत आली, दार लोटलं. 'माझे चार मांड.'

'अगं, परवा तर शून्य म्हणालीस!'

'तू इचारलंस तवा तुझे दादाजी शेजारीच व्हते. काय बोलू? अख्ख्या बाजाराला खमतखामणा करत्यात. महाळुंगे पडवळ गावच्या हौशीरामभाऊला फोन लावून करत्यात. मला लग्न झाल्यापासून एकदा न्हाई. म्हणं, घरच्यांना काय म्हणायचं!'

हसू आलं, पण आता फॉर्मचं काय? मॅडमना फोन केला. 'नवऱ्यादेखत विचारलंस? चूक तुझी. बाकीच्यांनी आपापलं लिहिलंय, ते राहू दे. दादींचं एकटीला विचारलेलं धर, आणि का ते लिही.'

३१ ऑगस्ट

गणित सुटलं! टी आला बरोबर एक; साधारण दोनच्या पुढे गेला तरच फरक धरतात. गंमत म्हणून दादीच्या चाराचे दोन केले — तरी एकच! सगळ्यांत एकटीच रागावलेली असली की ती किती रागावली याने काही फरकच पडत नाही. चार परत चार केले आणि निष्कर्ष लिहिला.

जेवताना दादीने विचारलं, काय निघालं. मी बावळट, सांगून बसले. 'तुझा राग दखल घेण्याजोगा नाही.'

पोळी वाढता वाढता दादी थांबली. 'तुझ्या मॅडमला म्हणावं, यांच्यासंगं पन्नास वरसं राहून बघ!'

दादाजींनी मान वर केली. 'कसला राग?'

'घरच्यांना खमतखामणा करत न्हाई, त्याचा!' म्हणत दादीने पोळी त्यांच्या ताटात टाकली.

१ सप्टेंबर

सकाळी कॉलेजला निघाले तर दादाजी स्वयंपाकघराच्या दारात, हात जोडून. 'प्यारीबाई, खमतखामणा. आजवरचा सगळा.' दादी गॅस बंद करायलाही विसरली.

मी फाटकाशी पोचले तोवर मागून धावत आली, डोळे पुसत. 'सिद्धी, ते चार खोड!'

'दादी, खोडले तर मी नापास! आणि त्या दिवशीचं आज बदलता येत नाही गं.'

'मग राहू दे.' जरा विचार करून म्हणाली, 'पण खाली लिही, आता न्हाई म्हणून.'

फाटकावर वही टेकवून लिहिलं. मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.