जुलैतलं ताजं पापलेट

२ जुलै २०१४

नोकरीचा तिसरा महिना आणि आज मी पन्नाशीची कोळीण झाले! नाव सुमती कोळी, राहणार मोरा, नवऱ्याची होडी, तीन मुलगे. फोटो अवधूत सरांनी कुठून तरी उचलला — नथ, अंबाडा, सगळं व्यवस्थित. काम काय, तर फेसबुकवरच्या ‘उरण-पनवेल खवय्ये’ ग्रुपमध्ये गप्पा मारायच्या आणि मध्येच आमच्या क्लायंटचा ‘दर्यासखी’ मसाला पुढे सरकवायचा. सर म्हणतात, “फिजा, विकायचं नाही. नातं जोडायचं. ऑथेंटिक!” स्वतः अंडंसुद्धा खात नाहीत.

महिनाअखेरीस कायम करतो म्हणालेत. अब्बू कुवेतहून कायमचे परत आलेत, घरी बसून टीव्हीशी भांडतात. मला ही नोकरी हवीच.

५ जुलै

सुमती चालली! धो धो चालली! ठमाबाई आठवली — मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून मोऱ्याहून आमच्याकडे मसाला आणते. दरवेळी डबा अम्मीपुढे आपटून म्हणते, “नाय आवडला त डबा माज्या डोक्यान घाला!” तेच जसंच्या तसं टाकलं. सगळा ग्रुप फिदा. सर म्हणाले, “कसं सुचतं गं तुला?”

सुचतंय कुठे? उचलतेय.

११ जुलै

वाट लागली.

सरांनी पापलेटचा फोटो पाठवला. वर लिही म्हणाले, ‘आज सकाळीच आमच्या होडीने आणलं!’ रोजा होता, डोकं ठणकत होतं. टाकून दिलं. पाच मिनिटांत उरणच्या कुणा प्रितेश कोळीची कमेंट — “सुमतीबाय, आमच्या सगल्या होऱ्या बंदरान बांधल्यान. तुमची काय इमानान बसून गेली?”

या अल्लाह! नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कोळी होडी काढत नाही, हे पनवेलच्या शेंबड्या पोरालाही माहीत. मी तर मासळी बाजारासमोर वाढले! सरांना सांगितलं तर म्हणे, “पण फोटो फ्रेश होता ना?”

१२ जुलै

सुमतीला ग्रुपमधून हाकललं. तीन मुलगे पोरके झाले.

१५ जुलै

आता सगळे हेर झालेत. जो तो दुसऱ्याला कंपनीचा माणूस म्हणतोय. ग्रुपचा अ‍ॅडमिन धर्मराज पाटील तर हवालदारच.

आणि आज त्यांनी ‘दुसरी सुमती’ पकडली. तिचं नाव पूर्वी. सासूचा घरचा मसाला विकते. पोस्टच्या शेवटी लिहिलं होतं — नाय आवडला त डबा डोक्यान घाला. “तोच डायलॉग! तीच बाई!” दिली हाकलून.

पूर्वी म्हणजे ठमाबाईची सून. डायलॉग तिच्या सासूचाच आहे. चोर मी आणि मार तिला!

१६ जुलै

अम्मी सांगत होती, ठमाबाई फोनवर रडली. उन्हाळाभर कुटलेला मसाला घरात पडून. सगळी गिऱ्हाइकं त्या ग्रुपवरचीच, आता कोणी फोन उचलत नाही. “या वयात मला खोटी म्हनतान गो.”

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “अरे वा, कॉम्पिटिशन गेली!”

त्या माणसाच्या तोंडावर लॅपटॉप फेकावासा वाटला. लॅपटॉप ऑफिसचा होता म्हणून सर वाचले.

१९ जुलै

लिहिलं. त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोने. सुमती मी होते, ते वाक्य ठमाबाईचं आहे, पूर्वी खरी आहे. धर्मराजने पूर्वीला परत घेतलं आणि मला अशा शिव्या दिल्या की काही नव्यानेच कळल्या.

दुपारी सरांनीही हाकललं. “तुझ्यात टीम स्पिरिट नाही.”

२९ जुलै. ईद.

ठमाबाई आली! सोबत पूर्वी. मी दाराआड. ठमाबाईने मसाल्याचा डबा उचलला, माझ्या डोक्याजवळ आणला — “घालू का गो?” सगळे हसले. मला रडूच फुटलं. तिने डबा ठेवला आणि पाठीत एक धपाटा घातला. मग दोन वाट्या शीरखुर्मा प्यायली.

अम्मी खुशीत होती. “ठमाबाई, तुमचा मसाला घातला तर रुसलेली सून पण ताटावर येऊन बसेल, अल्लाह कसम!” मसाला संपत आलाय म्हणे. त्या भानगडीमुळे उलट जास्तच खपला.

पूर्वी मला खोदून खोदून विचारत होती, ऑफिस कुठं, काय काय लिहायला लागतं. मी सरांची नक्कल करून दाखवली. खूप हसली.

१८ ऑगस्ट

माझ्या खुर्चीवर पूर्वी बसली! सरांनी मुद्दाम फोन करून ऐकवलं, “आता खरी कोळीण मिळाली. ऑथेंटिक!” मग तिचाही फोन आला. “ताई, राग नको ना. मसाला त संपला, पुढचा उन्हाळा लांब हाय.”

राग कसला करू? मीही तेच केलं होतं.

२४ ऑगस्ट

ग्रुपवर नवी बाई आलीय. शाजिया, राहणार पनवेल. लिहिते — ‘दर्यासखी घातला तर रुसलेली सून पण ताटावर येऊन बसेल, अल्लाह कसम!’

अम्मीने चष्मा लावून माझ्या फोनवर वाचलं. म्हणाली, “कोण गं ही? अगदी आपल्यातली वाटते.”