उभा म्हणजे भरलेला

१० जून, मंगळवार

आमच्या अग्निशमन केंद्रातला फौजी जिवंत आहे! धूर छातीत खोल गेलाय, आत्ताच काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काल गाद्यांच्या कारखान्याच्या आगीत तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या कामगाराला त्याने खिडकीतून शिडीवर ढकललं आणि स्वतः आतच कोसळला. आत शिरून पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच त्याच्या पाठीवरच्या सिलिंडरची शिट्टी वाजायला लागली. हवा संपत आली की वाजते ती. भरलेल्या सिलिंडरची इतक्यात वाजतच नाही.

का वाजली ते मला माहीत आहे. कुणाला सांगितलेलं नाही. जेवलास का, असं सलवाने विचारलं, तर हो म्हटलं. बायकोशीसुद्धा खोटं!

११ जून

लिहून तरी काढतो.

आमच्या केंद्रात रीत अशी – भरलेला सिलिंडर भिंतीला उभा, रिकामा जमिनीवर आडवा. ही रीत अम हमादींनी घालून दिली. अम म्हणजे काका, आणि ते अख्ख्या केंद्राचेच काका. सिलिंडरची खोली एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात. हवेच्या दाबाचा काटा बघितल्याशिवाय सिलिंडर पाठीवर घ्यायचा नाही, असा नियम आहे. पण भोंगा वाजल्यावर काटा बघतोय कोण! उभा म्हणजे भरलेला, विषय संपला.

सोमवारी खोली धुवायची पाळी माझी होती. हवा भरायच्या यंत्राचा पट्टा तुटला होता, तो आणायला अम हमादी बाजारात गेले होते. शनिवारी बंदरातल्या बोटीच्या आगीत वापरलेले चार सिलिंडर आडवे पडले होते, तळाला थोडीथोडी हवा उरलेले. त्यांच्याखाली पाणी साचतं, म्हणून मी ते उचलून भिंतीला उभे केले. फरशी वाळली की परत आडवे करणार होतो. तेवढ्यात भोंगा.

मी बंबाचा चालक. धावलो, इंजिन सुरू केलं. अम हमादी नुकतेच परतले होते. ते ओल्या फरशीवरून आत गेले आणि उभे दिसले ते सिलिंडर दारातून भराभर पोरांच्या हातात दिले. त्या चारातला एक फौजीला गेला; बाकीचे तीन पाठीवर घ्यायची वेळ आली नाही.

वाटेत मला आठवलंसुद्धा नाही. तिथे पंप चालू करून पाण्याच्या दाबाचा काटा बघत उभा होतो. स्वतःच्या काट्यावरून डोळा हलू दिला नाही. शहाणा मोठा!

१३ जून, शुक्रवार

राजधानीतून, ट्युनिसहून, चौकशी अधिकारी आला. कोरी कडक टोपी, हातात फाइल. सिलिंडर कुणी दिला, असं त्याने विचारलं. अम हमादी म्हणाले, मी दिला. काटा बघितला होता? नाही. एवढंच. घाई होती हे नाही, पट्टा तुटला होता हेही नाही.

मला विचारलं, पाण्याचा दाब ठीक होता का? ठीक होता म्हटलं. फरशीचं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

नाही. नसतं सांगितलं.

१४ जून

फौजीच्या घशातली नळी काढली. देवाचे आभार.

१६ जून

त्याला भेटायला गेलो. आवाज पार बसलाय. मला जवळ बोलावून म्हणाला, "लस्साद, तुझा तो खटारा पंप चालला म्हणे! मेलो असतो तरी विश्वास बसला नसता." आणि हसता हसता इतका खोकला की नर्सने मला बाहेर काढलं. बाहेर त्याची बायको कौथर उभी होती. तो पुन्हा कधी आगीत जाऊ शकणार नाही, असं डॉक्टरांनी तिला सांगितलंय. ती म्हणाली, त्या म्हाताऱ्याला मी कधी माफ करणार नाही. मी पीचची पिशवी तिच्या हातात दिली आणि निघालो.

केंद्रात अम हमादींच्या बाकावर कुणी बसत नाही. परवापर्यंत त्यांच्या हातच्या चहासाठी भांडणारी माणसं! मीही नाही बसलो. सगळ्यात नालायक मी.

१८ जून

अम हमादींना कामावरून काढलं. निवृत्तीला तीन महिने उरले होते. निरोपाचं जेवण नाही, बंबासमोर फोटो नाही, काही नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. त्यांनी बदाम घातलेला चहा केला. डाळिंबाच्या झाडाला यंदा फळ कमी धरलंय, वगैरे बोलत राहिले. मी कसंबसं म्हटलं, "अम हमादी, त्या दिवशी..."

ते म्हणाले, "सिलिंडर माझ्या हातातून गेला, लस्साद. काटा मी बघायला हवा होता. चहा घे, गार होतोय."

मी तो चहा प्यायलो! सांगितलं काहीच नाही आणि दुसरा पेलासुद्धा घेतला. परत येताना रस्त्यात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. भाजीवाला बघत होता.

१९ जून

सलवाला सांगितलं. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग?

२१ जून

सकाळी कॅप्टन शाद्लींनी बोलावलं. टेबलावर सिलिंडरच्या खोलीची चावी. यापुढे खोली तू सांभाळ, म्हणाले. अम हमादी जाताना तुझंच नाव सांगून गेले. काय म्हणाले ते कॅप्टननी जसंच्या तसं सांगितलं – "लस्सादला द्या. फरशी धुताना एकेक सिलिंडर उचलून खालून धुणारा तो एकटाच आहे. परत कसा ठेवायचा ते आता जन्मात विसरायचा नाही."

कॅप्टनना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. म्हातारा जाता जाता कौतुक करून गेला, एवढंच.

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या अधिकाऱ्यासमोर, चहा ओतताना, सगळा वेळ माहीत होतं!

चावी घेतली नाही. म्हटलं, कॅप्टन, दार लावून घ्या, मला बोलायचंय.