सव्वा मूठ

शिरसमणी, ता. पारोळा
८ जुलै २०२५

चि. सौ. भूमिका हीस,
बेबाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बरी आहे. कानाचं यंत्र नुसतं शिट्टी वाजवतं, फोनवर तू काय बोलतेस ते कळत नाही आणि मी उगाच हो हो करते. म्हणून पत्र. सातवी पास सासूचं अक्षर तुझ्या ऑफिसातल्या साहेबापेक्षा चांगलं आहे, हे तूच म्हणाली होतीस.

कपाशी गुडघ्याएवढी झाली. शेत पुना वाट्यानं करतो, मी बांधावर बसून त्याला शहाणपण शिकवते. गल्लीत सतरा घरं, त्यातल्या नऊंना कुलूप. अंगणवाडीत मुलं चार आणि सांभाळायला बाया दोन. अकबरीभाभीनं झबली-टोपडी शिवणं बंद केलं. सांगत होती, की वर्षभरात तीन झबली गेली, आता ब्लाउजच शिवते. संध्याकाळी ओट्यावर बसले की कुणाच्या घरातून रडण्याचासुद्धा आवाज येत नाही.

आता कामाचं. कानबाई देवी तीन ऑगस्टला बसेल. तुला ठाऊक आहे, तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस नावं घेतली जायची. कुणी वारले, कुणी वेगळे निघून सुरतेला गेले, त्यांची कानबाई तिकडेच बसते. तुझे सासरे गेल्यावर मागच्या साली एकच नाव उरलं, ललितचं. तेवढे गहू दळायला घेऊन गिरणीत गेले तर तोताराम म्हणाला, की एवढंसं दयन दगडमाच राही जाई, अक्का. मला तिथंच भरून आलं. घरी येऊन मी आणखी सव्वा मूठ टाकली. नाव घेतलं नाही. येणाऱ्या नातवाची म्हणून टाकली. ललित जेवून दुपारच्या गाडीनं गेला आणि तो दुसरा रोट मीच खाल्ला.

हे तुला सांगितलं नव्हतं. यंदा ती मूठ नाव घेऊन टाकावी असं फार मनात आहे. ललित म्हणतो तुझी ट्रीटमेंट चालू आहे. डॉक्टर काय म्हणतात ते मला स्पष्ट कळव. तुझ्यासाठी सोळा गुरुवार धरलेत, नऊ झाले. मागच्या गुरुवारी जरा चक्कर आली, पण काळजी नको.

लोणच्याची बरणी पुनाबरोबर पाठवते. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
आई

धुळे
१५ जुलै २०२५

ती. आईंना,
भूमिकाचा सा. न. वि. वि.

लोणचं मिळालं. ललितनं दोन दिवसांत पाव बरणी संपवली. आम्ही दोघं ठीक आहोत.

आई, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. ललित म्हणत होता, की उत्तरात मोघम काहीतरी लिही, आईला कशाला दुखवायचं. पण तुम्हाला साखरेचा त्रास आहे आणि तुम्ही माझ्यासाठी उपाशी राहून चक्कर येऊन पडता, हे वाचल्यावर मोघम लिहिणं मला जमणार नाही.

माझी कुठलीही ट्रीटमेंट चालू नाही. कधीच नव्हती. माझ्यात काही दोष नाही, ललितमध्येही नाही. आम्ही दोघांनी तीन वर्षांपूर्वीच ठरवलं, की मूल नको. तुम्हाला सांगायचा धीर ललितला झाला नाही, म्हणून त्यानं डॉक्टरचं नाव पुढे केलं. मीही गप्प बसले, ती माझी चूक.

तुम्ही कारण विचाराल. महागाई, नोकरी ही कारणं लोकांना सांगायला बरी आहेत. खरं सांगायचं तर मी माझं मन पुष्कळ चाचपून पाहिलं आणि आई होण्याची ओढ मला तिथं सापडली नाही. ऑफिसात आम्ही सहा जणी, त्यातल्या तिघींना एकेकच आहे आणि दोघींना नाही. आम्ही सगळ्या वाईट आहोत असं मला वाटत नाही. पण तुमच्या ओट्यावरची ती शांतता वाचून मला रात्रभर झोप आली नाही, हेही खरं.

माझ्यावर रागवा, पण गुरुवार सोडा. गोळ्या वेळेवर घ्या. रोटांना यायचं माझ्या मनात आहे, तुम्ही या म्हणालात तर येईन.

राग निवळला की दोन ओळी टाका, तेवढ्यावर माझं भागेल.
आपली,
भूमिका

शिरसमणी
२२ जुलै २०२५

सौ. भूमिकास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुरुवार सोडले. यंदा कानबाई बसवावी की नाही, ते ठरलेलं नाही. तुम्ही दोघांनी येण्याची तसदी घेऊ नये. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

बेबाबाई

शिरसमणी
४ ऑगस्ट २०२५, सोमवार

चि. सौ. भूमिकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कानबाई बसवली. आजच तिला नदीवर पोचवून आले आणि पाय न धुता लिहायला बसले आहे.

मागचं पत्र रागात लिहिलं. राग खोटा नव्हता. ललितनं मला तीन वर्षं फसवलं, त्याचा कान मी धरणार आहे, त्याला तसं सांगून ठेव. तुझा राग आला तो तू खरं बोललीस म्हणून. असं माणसाचं असतं.

नातू हवा होता, भूमिका. हे दुःख माझ्याबरोबरच जाईल. मागच्या साली पाळण्याला नवी दोरी आणून ठेवली होती. ती दिसली की मी तोंड फिरवायचे. परवा पुनाला देऊन टाकली, त्याच्या गायीला हवी होती. दिल्यावर मात्र दिवसभर घरात कुठं बसावं ते सुचेना.

गुरुवारी रोटाचे गहू घ्यायला बसले. ललितच्या नावाची सव्वा मूठ टाकली. हात सवयीनं परत डब्यात गेला आणि तिथंच राहिला. कुणाच्या नावाची टाकू? मग आठवलं, की त्या एकोणीस मुठींच्या वेळी पंगतीला माणसं चौतीस असायची. मला पक्कं ठाऊक आहे, कारण पोळ्या मी लाटायचे. म्हणजे पंधरा जणी सुपात नव्हत्याच. एकोणपन्नास वर्षं मी नावं घेऊन मुठी टाकल्या आणि त्यात माझं नाव एकदाही घेतलं नाही. तुझंही नाही. न आलेल्या नातवाची मूठ टाकली, पण सहा वर्षांपूर्वी या उंबऱ्यातून आत आलेल्या तुझी टाकावी असं मला सुचलं नाही.

तेव्हा एक मूठ तुझी टाकली आणि एक माझी. रीत मोडली म्हणून चार बायका नाक मुरडतील. पण कानबाई स्वतः बाई आहे, तिला खटकलं तर ती माझं पाहून घेईल. तोतारामनं विचारलं, की अक्का, घरमा कोन वाढनं? मी म्हटलं, वाढलं कुणी नाही, मोजायचं राहिलं होतं. त्यानं दळून दिलं.

काल आरतीला पुनाची बायको आली, अकबरीभाभी दारातून डोकावून गेली. नंतर मी आणि कानबाई दोघीच. कानबाईचं एक बरं, तिला ऐकू येतं की नाही असा प्रश्न मला पडत नाही.

रोट चांगले झालेत. जाड ठेवून तुपावर खरपूस भाजलेत, टिकतील. माझा मी खाल्ला. तुझा आणि ललितचा फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवलाय. रोट कुळाबाहेर देता येत नाही, म्हणून पुनाच्या घरी धाडता आला नाही. टाकून देणं तर पापच. पौर्णिमा शनिवारी आहे, तोवर ते संपले पाहिजेत. सुट्टी मिळत असेल तर बघ. मला एकटीला तीन रोट संपत नाहीत.

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते. माया आहे तशीच राहू दे, म्हाताऱ्या माणसाला तिचाच आधार असतो.
तुझी,
आई