एका फळ्यावरचे दोन अर्ज

अकोट, ता. ४ फेब्रुवारी १९६३

ती. जाईताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आज सोमवार. शाळा झाली, भाकर केली. भागीरथाला जाऊन दोन महिने झाले. ती आजारी असताना तिच्या शुश्रूषेसाठी अमरावतीस बदली मागितली होती. आता दुसरा अर्ज पाठवला आहे : पत्नी वारली, पाच वर्षांची मुलगी अमरावतीस माझ्या बहिणीकडे आहे, ती बापाजवळ असावी. कचेरीत विचारून बघशील का? शालू रडते का, ते खरे कळव.

तुझा,
किसन

अमरावती, ता. १९ फेब्रुवारी १९६३

चि. किसनास अनेक आशीर्वाद.

शालू रडत नाही. तुझे नाव निघाले की खेळ थांबवते, एवढेच.

कचेरीतल्या नव्या साहेबांनी भिंतभर फळा केला आहे. सगळे अर्ज एकदम दिसावेत म्हणून टाचणीने त्यावर लावतात. जागा पुरत नाही, म्हणून एकावर एक, नुसते नाव दिसेल असे. तुझा दुसरा अर्ज पहिल्यावर आहे. हुकूम कधी निघतील, असे विचारले, तर कारकून महादेवराव म्हणाले, “बाई, आमी दिवसभर फळा लावून राहिलो. हुकमाले वेळ कुठून?”

दूध घेत जा. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

जाईताई

अमरावती, ता. ९ मार्च १९६३

चि. किसनास आशीर्वाद.

तुझा दुसरा अर्ज फेटाळला. शेरा असा : ‘अर्जदाराची पत्नी हयात आहे. खालचा अर्ज पाहावा.’ खालचा मंजूर झाला. भावजय गेली, असे मी सांगितले. महादेवराव हळूच म्हणाले की फळ्यावर आधी लागलेला अर्जच साहेब खरा मानतात. मृत्यूचा दाखला आणला तर हुकूम रद्द होईल. महादेवराव माणूस वाईट नाही.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. या वेळी शहाणपण करू नकोस. पोरीसाठी गप्प राहा आणि ये.

जाईताई

अकोट, ता. १४ मार्च १९६३

ती. जाईताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हुकूम मिळाला. सोबत एक फॉर्म होता. त्यात ‘पत्नीची सध्याची प्रकृती’ असा रकाना होता. मी तो कोरा ठेवला. हेडमास्तर मयतीला आले होते. तरी खाली बघत म्हणाले की कोरा रकाना परत येतो. मग मी लिहिले, ‘आता वेदना नाहीत.’ त्यांनी शिक्का मारला.

रविवारी सकाळच्या एस. टी.ने येतो. शालूला सांग. राग आला असेल तर भेटीत काढ.

तुझा,
किसन

ता. क. पत्र पेटीत टाकून आलो, की भागीरथाच्या लुगड्यांच्या घड्या घालायच्या आहेत.